बुडालेल्या जहाजाची खूण
(वाचकमेळाव्यात अनुवादिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



जहाजे आणि इमारती लाकूड यांच्या इतिहासावरील ज्या पुस्तकाचा मराठी अनुवाद मी केला, त्याविषयी मी काही बोलावे अशी आपली सूचना होती. संपूर्ण पुस्तकाचा परामर्श घ्यावयाचा म्हटला तर आपला सारा वेळ त्यातच जाईल आणि पुस्तक वाचण्याचे कारणही उरणार नाही. म्हणून मी एकच लहानसा विषय निवडला आहे. समुद्रात बुडालेले जहाज पुढे कधीतरी वर काढले जाते, त्याच्या लाकडापासून तपकिरीच्या डब्या, दौती, काठ्या, रूळ अशा शोभेच्या आणि वापराच्या वस्तू बनवितात आणि लोक त्या आठवण म्हणून घरात ठेवतात. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. कपाटात ठेवलेल्या डबीविषयी तासभर काय बोलायचे, असाही प्रश्न कोणाच्या मनात येईल. परंतु या डब्यांच्या मागे एक खटला आहे, आणि त्याचा निकाल मला आजही समाधानकारक वाटत नाही.

ते जहाज म्हणजे इंग्लंडच्या आरमारातील ‘रॉयल जॉर्ज’. शंभर तोफांचे हे जहाज १७५६ साली वुलिच येथे पाण्यात उतरले. १७५९ साली क्विबरॉनच्या उपसागरात फ्रेंचांविरुद्ध जी लढाई झाली, तिच्यात ॲडमिरल हॉक यांचे निशाण याच जहाजावर होते. म्हणजे हे काही सामान्य गलबत नव्हे. त्या आरमाराच्या अभिमानाचा तो विषय होता. असे जहाज वादळात नव्हे, लढाईत नव्हे, तर पोर्ट्समथसमोरच्या स्पिटहेड या आपल्याच नांगरवाड्यात, २९ ऑगस्ट १७८२ च्या सकाळी, किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले.

घडले ते असे. जहाजाच्या उजव्या अंगास, पाण्याच्या पातळीखाली, समुद्राचे पाणी आत घेण्याची एक नळी होती. ती दुरुस्त करावयाची होती. त्यासाठी जहाज गोदीत न नेता नुसते डावीकडे कलते करावे, म्हणजे उजवे अंग पाण्याबाहेर येईल, असे ठरले. ही त्या काळची रूढ पद्धत होती. डाव्या बाजूच्या तोफा खिडक्यांतून बाहेर सरकविल्या, उजव्या बाजूच्या आत मध्यभागी ओढल्या. जहाज कलले. त्याच वेळी ‘लार्क’ नावाची एक लहान नौका रमची पिंपे घेऊन आली आणि ती पिंपे आधीच खाली गेलेल्या डाव्या बाजूने चढविण्यात येऊ लागली. खालच्या मजल्यावरील तोफांच्या खिडक्यांशी पाणी लागले आणि लाटेबरोबर आत येऊ लागले. जहाजाच्या सुताराने वर जाऊन पहाऱ्यावरील लेफ्टनंटला सांगितले, की जहाज सरळ करण्याचा हुकूम द्यावा, ते हा भार सोसणार नाही. लेफ्टनंटने त्याला उडवून लावले. सुतार पुन्हा गेला. पुन्हा तेच. अखेरीस हुकूम सुटला तेव्हा वेळ निघून गेली होती.

जहाज बंदरात होते म्हणून त्यावर खलाशांच्या बायका होत्या, मुले होती, माल विकायला आलेले फेरीवाले होते. बाराशेच्या आसपास माणसे असावीत असा अंदाज आहे. त्यांपैकी आठशेहून अधिक बुडाली. काहींच्या मते हा आकडा नऊशेपर्यंत जातो. रिअर ॲडमिरल केम्पेनफेल्ट, म्हणजे आरमारी संकेतांची पद्धत सुधारणारा एक विचारी अधिकारी, आपल्या खोलीतच गेला. नंतर कित्येक दिवस समोरच्या वाइट बेटावर राइड गावाच्या किनाऱ्याला प्रेते लागत होती. ती तिथेच समुद्राकाठच्या जमिनीत पुरली.

आता खटला. सप्टेंबर १७८२ मध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर लवकरच, लष्करी न्यायालय बसले. बचावलेला कप्तान वॅगहॉर्न आणि त्याचे सहकारी आरोपी. न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. मग जहाज बुडाले कशाने? न्यायालयाचे म्हणणे असे, की जहाजाच्या सांगाड्याचा एखादा मोठा भाग एकाएकी निखळला असला पाहिजे आणि त्याचे कारण म्हणजे लाकूड सर्वत्र कुजलेले होते. ॲडमिरल मिलबँक यांनी तशी साक्षही दिली होती, की प्लिमथच्या गोदीत आपण हे जहाज उघडे पाहिले तेव्हा त्यात धड लाकूड जवळजवळ नव्हतेच.

म्हणजे दोष लाकडाचा! आणि लाकडाचा म्हणजे ओघानेच त्या जहाजांची देखभाल करणाऱ्या मुलकी खात्याचा. न्यायासनावर बसलेले सगळे समुद्रावरचे अधिकारी होते आणि आरोपीही समुद्रावरचेच, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. मी त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करीत नाही. कुजक्या जहाजांची तक्रार त्या आरमारात जुनीच होती आणि ती पुष्कळ अंशी खरी होती. परंतु सुताराचे शब्द ज्यांनी ऐकले होते त्यांतील बहुतेक पाण्याखाली होते, आणि लाकूडही पाण्याखाली होते. साक्ष द्यायला वर कोणी उरले नव्हते म्हणा ना.

विल्यम कूपर या इंग्रज कवीने या घटनेवर कविता लिहिली, ती शाळेशाळेतून पाठ झाली. त्या कवितेत ना सुतार आहे ना कुजलेले लाकूड. जमिनीवरून आलेल्या एका झुळुकीने जहाज उलटले, असे कवी मानतो. याच कवितेचा लॅटिन अनुवाद कूपरने स्वतःच केला, हे एक अनुवादक म्हणून मला सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याच शब्दांचा अनुवाद करणाऱ्याला मूळ लेखकाशी भांडावे लागत नाही, एवढे तरी सुख त्याला लाभले असेल.

जहाज वर काढण्याचा पहिला प्रयत्न १७८३ साली विल्यम ट्रेसी नावाच्या गृहस्थाने केला. तो फसला. त्यानंतर अर्धे शतक ते तिथेच चिखलात रुतून राहिले आणि नांगर टाकणाऱ्या इतर जहाजांना अडथळा करीत राहिले. १८२३ साली चार्ल्स डीन याने धुरात शिरून आग विझविण्यासाठी एका शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. पुढे तो आणि त्याचा भाऊ जॉन यांनी त्याच कल्पनेवरून पाण्याखाली उतरण्याचा पोशाख सिद्ध केला. आगीसाठी काढलेली युक्ती पाण्यात उपयोगी पडावी, हा योग विलक्षण खरा. १८३४ पासून डीन बंधू ‘रॉयल जॉर्ज’वर उतरू लागले आणि त्यांनी अनेक तोफा वर आणल्या.

१८३९ साली हे काम कर्नल चार्ल्स पासली यांच्याकडे आले. हे पासली म्हणजे चॅटम येथील लष्करी अभियंत्यांच्या शाळेचे संस्थापक. ईस्ट इंडिया कंपनीचे जे अभियंते हिंदुस्थानात येत, त्यांतील अनेकांचे शिक्षण त्यांच्या हाताखाली झालेले होते. पासली यांचा हेतू आठवणवस्तू गोळा करण्याचा मुळीच नव्हता. त्यांना नांगरवाडा मोकळा करावयाचा होता. त्यांनी दारूचे सुरुंग पाण्याखाली उतरविले आणि विजेच्या घटमालेने ते उडविले. १८४० सालच्या एका स्फोटाने पोर्ट्समथ आणि गॉस्पोर्ट या गावांतील खिडक्यांच्या काचा फुटल्या. १८४३ पर्यंत हे काम चालले. त्यात सैन्यातील साधे शिपाई पाणबुडे म्हणून तयार झाले. पाणबुड्याने एकट्याने उतरू नये, जोडीदार असावा, हा आज जगभर पाळला जाणारा दंडकही याच कामातून पुढे आला असे मानतात.

आणि किनाऱ्यावर लाकडाचे ढीग पडले. पहिल्या प्रतीच्या युद्धनौकेला हजारो झाडे लागत. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’साठी सुमारे सहा हजार झाडे तोडली, त्यांतील बहुतेक ओकची, असे सांगतात. ‘रॉयल जॉर्ज’ त्याच तोलाचे जहाज. त्याचे कितीतरी लाकूड नष्ट झाले तरी कातारी, सुतार आणि कोरीव काम करणारे यांना वर्षानुवर्षे पुरेल इतके उरले. कशाकशाच्या वस्तू झाल्या! तपकिरीच्या डब्या, मेणबत्तीचे दिवे, कागद कापण्याच्या सुऱ्या, पेले, काठ्या, शिवणाच्या पेट्या. जॉर्ज वुमवेल म्हणून एक फिरत्या प्राणिसंग्रहालयाचा मालक होता. त्याच्याविषयी अशी कथा सांगितली जाते, की व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांची शिकारी कुत्री पटापट मरू लागली, तेव्हा दोष पाण्याचा आहे हे वुमवेलने ओळखले. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर तो म्हणाला, मजपाशी सगळेच आहे. तेव्हा त्याला ‘रॉयल जॉर्ज’चे ओक मिळाले. त्याने त्याची शवपेटी करून ठेविली आणि १८५० साली तो वारल्यावर त्याच पेटीतून त्याला लंडनच्या हायगेट दफनभूमीत नेले. थडग्यावर त्याच्या निरो नावाच्या सिंहाची मूर्ती आहे. मेलेल्या जहाजाचे लाकूड एका माणसाच्या मरणासाठी राखून ठेवले, यात मला तपकिरीच्या डबीपेक्षा अधिक औचित्य दिसते.

या लाकडाचे स्वरूपही थोडे सांगितले पाहिजे. ओकच्या लाकडात आंबटतुरट द्रव्य असते. जहाजातील लोखंडी खिळे आणि पट्ट्या गंजून त्यांचा अंश या द्रव्याशी संयोग पावला, की लाकूड आतपर्यंत काळसर होत जाते. जुन्या पद्धतीची लिहिण्याची शाई हिरडा आणि लोखंड यांपासून होत असे, हे आपल्याला ठाऊक आहे. तीच क्रिया समुद्राच्या तळाशी साठ वर्षे चालली. म्हणजे हे ओक एक प्रकारे स्वतःच्याच शाईत भिजत पडले होते. लाकूड पोखरणारा समुद्रातील किडा उघड्या भागाचा फडशा पाडतो, पण चिखलाखाली त्याला श्वास घेता येत नाही. तिथे लाकूड टिकते. मात्र वर आणल्यावर ते घाईने वाळविले तर आक्रसते, तडकते. म्हणून कारागीर ते सावलीत सावकाश वाळवीत, बाहेरचा मऊ झालेला थर तासून टाकीत आणि आतला टणक गाभा कातावर चढवीत.

इथे आपण मूळ खटल्याकडे वळू. ज्या जहाजाच्या अंगात धड लाकूड नव्हते असे १७८२ साली शपथेवर सांगण्यात आले, त्याच जहाजाच्या लाकडाच्या गुळगुळीत, कणखर, आरशासारखी झिलई घेतलेल्या डब्या १८४० नंतर दुकानात विक्रीस होत्या! ही डबी हातात घेऊन कोणीही म्हणेल, की न्यायालय चुकले. लाकूड निर्दोष होते. दोषी तो लेफ्टनंट.

मलाही प्रथमदर्शनी हा युक्तिवाद बिनतोड वाटला. परंतु तो बिनतोड नाही. कुजलेल्या लाकडाची डबी होत नसते. जे मुळातच किडलेले होते ते पाण्यात विरले, जे अर्धवट होते ते सुरुंगाने भुगा झाले, जे उरले त्यातले नरम ते रंध्याखाली गेले. कारागिराच्या हातापर्यंत पोहोचले ते फक्त उत्तम. तेव्हा डबी एवढेच सांगू शकते, की जहाजात निदान हा एक तुकडा चांगला होता. बाकीच्या लाकडाविषयी ती मूक आहे. इतिहासात टिकून राहिलेल्या बहुतेक वस्तूंची हीच गत असते. मराठेशाहीच्या तलवारी संग्रहालयात दिसतात आणि शिपायांच्या घोंगड्या दिसत नाहीत, म्हणून त्या सैन्याला थंडी वाजत नव्हती असे अनुमान आपण काढीत नाही.

मग मी त्या निकालाविषयी असमाधानी का? तर दुसऱ्या एका वस्तूमुळे. पोर्ट्समथजवळच्या पोर्टसी येथील एस. हॉर्सी या प्रकाशकाने १८४० च्या सुमारास ‘रॉयल जॉर्ज’च्या बुडण्याची हकीकत एका चिमुकल्या पुस्तकाच्या रूपाने काढली. तळहातावर मावेल एवढे पुस्तक. पासली यांचे काम पुढे सरकत गेले तशा त्याच्या वाढीव आवृत्त्या निघाल्या. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याची बांधणी त्याच जहाजाच्या लाकडात केलेली आहे. पुठ्ठ्याच्या जागी काळसर ओकच्या दोन पातळ फळ्या आणि पाठीवर चामडे. याही पुस्तकाकडे लोकांनी शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले असणार. आजही जुन्या पुस्तकांचे संग्राहक ते मुख्यत्वे वेष्टनासाठीच घेतात. परंतु हे पुस्तक उघडून वाचले पाहिजे. कारण सुताराची जी हकीकत मी मघाशी सांगितली ती याच पुस्तकात आहे. इंग्रम नावाचा एक खलाशी बुडणाऱ्या जहाजातून तोफेच्या खिडकीवाटे बाहेर पडून वाचला होता. त्याचे निवेदन तिथे छापले आहे. सुतार दोनदा वर गेला, लेफ्टनंटने दोनदा धुडकावले, पाणी येताना दिसत होते, खालच्या माणसांना संकट कळत होते, हे सारे तो साध्या माणसाच्या साध्या भाषेत सांगतो. जहाजाचा तळ निखळला असे तो म्हणत नाही. लाकडावर ठपका ठेवून न्यायालय मोकळे झाले होते. त्याच लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये त्याच्या बाजूची साक्ष मिटून ठेवलेली आहे.

इंग्रमचे म्हणणे शब्दशः सत्य मानावे असे मी म्हणत नाही. संकटातून वाचलेल्या माणसाची हकीकत प्रत्येक कथनागणिक थोडी घोटीव होते. लाकूड कुजके होते आणि हुकूमही चुकीचा होता, असे दोन्ही संभवते. किंबहुना कुजके जहाज आहे हे ठाऊक असताना ते कलते करून ठेवणे हा अधिक मोठा अपराध ठरेल. न्यायालयाने हा प्रश्न धसास लावला नाही. आठशे माणसांच्या मरणाबद्दल कोणाही माणसाला उत्तर द्यावे लागले नाही, हे तर उघडच आहे.

आणि या गोष्टीचा त्या डब्यांवर काही डाग पडतो का? राइडच्या किनाऱ्यावर जिथे प्रेते पुरली त्याच्या समोरच्या पाण्यातून हे लाकूड आले. जहाजाच्या पोटातून तोफांबरोबर हाडेही वर आली असणार. त्या काळच्या गिऱ्हाइकाला यात अनुचित काही वाटले नाही. मी त्यांना आजच्या फुटपट्टीने मोजू इच्छीत नाही. साठ वर्षे म्हणजे दोन पिढ्या. तरी बुडालेल्यांच्या नावाची यादी नसलेली, मात्र ॲडमिरलाचे नाव आणि तोफांची संख्या पितळी पट्टीवर कोरलेली डबी पाहिली, की आठवण नक्की कोणाची ठेवली जात होती असा प्रश्न पडतो.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगते. थोडक्यात अशासाठी, की त्याचा शेवट आपल्या मुंबईत होतो, आणि तिथे मला जरा रेंगाळायचे आहे. १७९८ साली पाण्यात उतरलेले ‘फूद्रॉयां’ हे नेल्सनचे एके काळचे निशाणाचे जहाज. १८९२ साली आरमाराने ते मोडीत विकले आणि ते जर्मन मोडतोडवाल्यांच्या हाती गेले. त्यावर इंग्लंडात मोठा गहजब झाला. कॉनन डॉयल यांच्यासारख्या लेखकानेही निषेधाची कविता लिहिली. शेवटी जॉफ्री व्हीटली कॉब या धनिकाने ते परत विकत घेतले, वीस हजार पौंड खर्चून दुरुस्त केले आणि तो खर्च भरून काढण्यासाठी तिकीट लावून किनाऱ्यावरच्या गावोगाव दाखवीत नेले. १६ जून १८९७ रोजी ब्लॅकपूल येथे वादळात नांगराचा साखळदंड तुटला आणि जहाज किनाऱ्यावर आदळून फुटले. माणसे सर्व वाचली.

मग त्या लाकडाची खुर्च्या-टेबले, काठ्या, डब्या झाल्या. तळाच्या तांब्याची पदके पाडली. ब्लॅकपूलच्या फुटबॉल संघाच्या मैदानावरील सभागृहाच्या भिंतींना या जहाजाच्या फळ्या होत्या, त्या २००३ सालच्या पुनर्बांधणीपर्यंत टिकल्या. या साऱ्या वस्तूंवर नेल्सनचे नाव ठळक आहे. परंतु याच जहाजावर जून १७९९ मध्ये नेपल्सचा आरमारी अधिकारी काराच्चिओलो याच्यावर घाईघाईने खटला चालविला आणि त्याच दिवशी त्याला दुसऱ्या जहाजाच्या डोलकाठीला फाशी दिले, हे कोणत्याही पदकावर कोरलेले नाही. नेल्सनच्या चरित्रकारांना आजही अवघड वाटणारा हा प्रसंग आहे.

आता मुंबई. ‘फूद्रॉयां’ गेल्यावर कॉबने तिच्या जागी दुसरे जुने जहाज घेतले. तेही मोडीतच निघाले होते. त्याचे नाव ‘त्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानाचे, ते बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्याची कथाही जहाज बुडण्यापासूनच सुरू होते. त्याचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजावरून पाठविले होते. १८१२ च्या अखेरीस अमेरिकन युद्धनौकेने ‘जावा’चा नाश केला आणि नकाशेही गेले. ते पुन्हा काढून पाठवावे लागले. पायाभरणीच्या वेळी पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या मुख्य वाशात चांदीचा खिळा ठोकण्यात आला.

इंग्लंडातील ओक संपत आले होते म्हणून काम मुंबईकडे आले, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. सागवानाचे तेल लोखंडाला गंजू देत नाही आणि किड्यालाही सहजी दाद देत नाही. ओकपेक्षा ते जहाजाला सरस ठरले. परंतु ते सागवान काही आकाशातून पडत नव्हते. १८०६ साली कंपनीने कॅप्टन वॉट्सन यांना मलबारात जंगलांचा पहिला संरक्षक नेमले. नाव संरक्षकाचे, काम लाकडाच्या मक्तेदारीचे. त्या काळात तिथल्या जमीनमालकांनी आणि व्यापाऱ्यांनी इतकी तक्रार केली, की पुढे १८२३ साली हे पद रद्द करावे लागले. तोवर जवळपासची उत्तम झाडे गेली होती.

कॉबने ‘त्रिंकोमाली’चे नाव बदलून ‘फूद्रॉयां’च ठेवले. म्हणजे मुंबईच्या सागवानाने जवळजवळ शंभर वर्षे बुडालेल्या इंग्रजी ओकचे नाव चालविले. मूळ लेखकाचे नाव पुढे आणि आपले मुखपृष्ठाच्या आत, ही अवस्था अनुवादकाला नवी नाही! मुलांना समुद्रावरील शिक्षण देण्यासाठी ते जहाज १९८६ पर्यंत वापरात होते. १९९० पासून हार्टलपूल येथे त्याचा जीर्णोद्धार झाला, १९९२ साली त्याला त्याचे मूळ नाव परत मिळाले, आणि ते तिथे आजही पाण्यावर तरंगत आहे. तरंगत असलेली ब्रिटनमधील सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक ते पाहायला जातात.

तिसऱ्या जहाजाचा उल्लेख केला नाही तर विषय अपुरा राहील. १८३६ साली डीन बंधू ‘रॉयल जॉर्ज’वर काम करीत असताना कोळ्यांची जाळी जवळच कशात तरी अडकली. जॉन डीन खाली उतरला तेव्हा त्याला आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे १५४५ साली बुडालेले जहाज सापडले. त्याच्याही तोफा आणि लाकडे वर आली, लिलावात विकली गेली आणि त्यांचीही आठवणीची चिजवस्तू झाली. मग ते जहाज पुन्हा विस्मृतीत गेले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा उरलेला अर्धा सांगाडा पाण्याबाहेर उचलला, तेव्हा जग बदललेले होते. १९७३ साली ब्रिटनने बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणाचा कायदा केला होता. आता एकही फळी कोणाला घरी नेता येत नव्हती. पुढे तीस वर्षे त्या लाकडावर आधी थंड पाण्याचे आणि मग मेणासारख्या द्रव्याचे फवारे अखंड चालू होते, ते २०१३ साली थांबले. कंगवे, वाडगे, सुताराची हत्यारे मिळून एकोणीस हजारांहून अधिक वस्तू सापडल्या. जहाजावरील एका अनामिक खलाशाच्या अस्थींचे १९८४ साली पोर्ट्समथच्या कॅथीड्रलमध्ये रीतसर दफन केले.

१८३६ साली विकल्या गेलेल्या तुकड्यांतून आज काय कळले असते, याची चुटपुट अभ्यासकांना असणार. झाडाच्या गाभ्यातील वलये मोजून ते कोणत्या साली तोडले हे आता ठरविता येते. तपकिरीच्या डबीत ती वलये कातरली गेली आहेत. मात्र दुसरी बाजूही आहे. नांगरवाड्यात अडथळा म्हणून पासली यांनी जे उडविले, त्यातले एवढे तरी या डब्यांमुळे राहिले. सरपण झाले असते तर काहीच राहिले नसते. आपल्याकडेही १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू संरक्षित मानली आहे, आणि गोव्याच्या सुंची खडकाजवळ सापडलेल्या पोर्तुगीजकालीन जहाजाचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वस्तूंची रीतसर नोंद करीत केला. तिथे हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. त्यांची कोणी फुलदाणी केली नाही.

शेवटी माझ्या धंद्याची एक गोष्ट. इंग्रजीत अशा वस्तूंना तीन-चार निरनिराळे शब्द आहेत आणि मूळ लेखकाने ते काटेकोरपणे वापरले आहेत. मराठीत काय लिहावे? ‘स्मृतिचिन्ह’ म्हटले, की समारंभात शालीबरोबर मिळणारी फळी डोळ्यांपुढे येते. ‘अवशेष’ म्हणजे पडक्या भिंती. ‘आठवण’ गोड आहे, पण ती मनातही असते, कपाटातच असेल असे नाही. ‘निर्माल्य’ हा शब्द माझ्या मनात बराच काळ घोळत होता. पण निर्माल्य विसर्जन करायचे असते, आणि इथे तर विसर्जित झालेले वर काढले होते.

मी ‘खूण’ हा शब्द घेतला. मारुती लंकेत सीतेपुढे अंगठी ठेवतो ती रामाची खूण म्हणून. तिच्यात प्रेम आहे, परंतु त्याआधी पुरावा आहे. ती पाहून सीतेने दूताची ओळख पटवून घ्यायची आहे. आठवण आणि साक्ष हे दोन्ही अर्थ या दोन अक्षरांत राहतात, आणि खूण खोटीही असू शकते, ही शंकाही त्यात राहते. काळे रंगविलेले ओक आणि साठ वर्षे समुद्रात मुरलेले ओक नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसते. डबीवरची पितळी पट्टी सोडली तर विकत घेणाऱ्यापाशी दुसरा आधार नव्हता. पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात आपल्याला हा शब्द जागोजागी दिसेल. फक्त ‘फूद्रॉयां’च्या पदकांना मी ‘स्मृतिचिन्ह’च म्हटले आहे, ती समारंभासाठीच पाडलेली होती. कोणाला याहून चांगला शब्द सुचला तर मला जरूर कळवावा, पुढील आवृत्तीत त्याचा विचार करता येईल.